42 लेखांचा सत्कार

(प्रभागसंघाच्या सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. धानाच्या चुरण्यामुळे ज्या भगिनींना येता आलं नाही, त्यांच्यासाठी ते इथे देत आहोत.)



सभेच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘नोंदवह्या व कागदपत्रे’ असा विषय लिहिला आहे. तो वाचल्याबरोबर मागच्या दोघीतिघी चहाकडे वळल्या, ते मी पाहिलं! बसा, बसा. रकाने कसे भरायचे ते मी आज सांगणार नाही. ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगले भरता. मी आज आमच्या एका सरांची आठवण सांगणार आहे. नोंदवहीवर येईनच, पण जरा फिरून येईन.

मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं ते नंतर. त्याआधी तालुक्याच्या कॉलेजात बी.ए. केलं, इतिहास घेऊन. इतिहास काऊन घेतला, तर सकाळचा तास होता आणि दुपारच्या एसटीने घरी जाता यायचं. बाकी आवड वगैरे काही नव्हती. आवड लावली ती सरांनी. मी शेवटच्या वर्षाला असताना ते निवृत्त झाले. यंदा दिवाळीच्या आधी ते वारले. मी त्यांना इथे नुसतं सर म्हणते, आमच्यासाठी तेच त्यांचं नाव होतं.

सर गेल्यावर त्यांच्या मित्रांनी ठरवलं की शोकसभा घ्यायची, पण भाषणं करायची नाहीत. प्रत्येकाने सरांबद्दल एक पान लिहून आणायचं. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगायचं, आणि आम्ही जुन्या विद्यार्थिनींनी लिहून घ्यायचं. पानावर स्वतःचं नाव, गाव आणि ती गोष्ट कोणत्या साली घडली ते लिहायचं. ‘सर फार थोर होते’ असं लिहायचं नाही. डोळ्यांनी पाहिलेली, कानांनी ऐकलेली एकच गोष्ट लिहायची. असं का ठरलं ते पुढे सांगते. आधी त्यातली चार पानं सांगते.

पहिलं पान चहाच्या टपरीवाल्या काकांचं. ते म्हणाले, सर रोज अर्धा तास आधीच बसस्टँडवर यायचे. शेजारी जो बसेल त्याला विचारायचे, तुमचं गाव कोणतं, तुमच्या तलावाचं नाव काय, तो कोणी बांधला. आपल्याकडे गावोगावी माजी मालगुजारी तलाव आहेत, ज्याला आपण मामा तलाव म्हणतो. त्या तलावावर आपलं धान पिकतं. पण बांधणाऱ्याचं नाव किती जणींना माहीत आहे? सर खिशातल्या वहीत ते लिहून घ्यायचे. काका सांगत होते, “दोनदा तर लिहिता लिहिता त्यांची बस सुटली. मग पुन्हा चहा घेतला माझ्याकडे. पैसे द्यायला मात्र इसरले नाही कधी.”

दुसरं पान ग्रंथालयात काम केलेल्या एका मित्राचं. रद्दीच्या दुकानात सरांना एक जुनं बाड दिसलं. कुठल्या तरी गावच्या जुन्या हिशेबाचे कागद होते. दुकानदार म्हणाला, किलोच्या भावाने घेऊन जा. सरांनी घेतलं आणि दोघा मित्रांनी मिळून सुट्टीभर ते कागद उन्हात वाळवले, पुसले, वेगवेगळे केले. मित्राने लिहिलं होतं, “त्यात राजाचं नाव कुठेच नव्हतं. बैलजोडी किती, धान किती खंडी, कोणाकडे किती बाकी, एवढंच होतं. मी म्हटलं, हे कशाला ठेवायचं? सर म्हणाले, अरे, गाव कसं जगलं ते यातच आहे.”

तिसरं पान कॉलेजात साफसफाई करणाऱ्या मावशींचं. ते मीच लिहून घेतलं. त्या म्हणाल्या, “एक डाव सरांनी मले इचारलं, तुह्या आजीचं नाव काय? मी म्हटलं, कायले पायजे? ते म्हणाले, लिहून ठेवतो. मले आठवलंच नाही वं. आजी म्हणूनच हाक मारायची ना आम्ही. मग गावाले गेली, मोठ्या मामाले इचारलं, आन् येऊन सरांले सांगितलं. पन्नास वर्साची झाली तवा मले माह्या आजीचं नाव माहीत झालं.” एवढं सांगून त्या रडायला लागल्या. मी लिहायची थांबले. तर म्हणाल्या, “लिही, लिही, थांबू नको.”

चौथं पान सगळ्यात महत्त्वाचं. ते सरांशी भांडलेल्या मित्राचं होतं. हे काका निवृत्त शिक्षक आहेत, गोंड समाजाचे, गडचिरोली जिल्ह्यातले. सरांना एक सवय होती. कोणी काही गोष्ट सांगितली की ते विचारायचे, “कागद कुठे आहे?” अमुक किल्ला अमुक राजाने बांधला म्हटलं की लगेच, “कशावरून? लेख आहे का?” एकदा या काकांनी आपल्या गावची, आपल्या कुळाची जुनी हकीकत सांगितली, तेव्हाही सरांनी तेच विचारलं. काका चिडले. म्हणाले, “आमच्या माणसांना कोणी कागद दिलाच नाही, तर कुठून दाखवू? ज्याच्याकडे कागद नाही तो माणूस नव्हताच का?” सर काही बोलले नाहीत. दोन दिवस फिरकलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी कोरी वही घेऊन दारात उभे. म्हणाले, “तुमचं बरोबर आहे. कागद नसेल तर आपण करू. तुम्ही सांगा, मी लिहितो. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, कोणाकडून ऐकलं, सगळं लिहू.” काका म्हणतात, त्या दिवसापासून आमची खरी मैत्री झाली. त्या वहीत आठ गावांच्या हकिकती आहेत. ज्यांनी सांगितल्या त्यांतले बरेच म्हातारे आता नाहीत.

पुतळा, बॅनर यांतलं काही आम्ही केलं नाही. पानं एकत्र शिवली, पुठ्ठा घातला, एक प्रत ग्रंथालयात दिली, एक सरांच्या घरी.

आता हे सगळं असं का ठरलं ते सांगते. सर निवृत्त झाले तेव्हा आम्ही मुलींनी वर्गणी काढून शाल आणि नारळ आणायचं ठरवलं होतं. त्यांना कळलं तर त्यांनी सगळ्यांना वर्गात बसवलं आणि म्हणाले, “सत्कार करायचा तर मिराशींच्या मित्रांनी केला तसा करा.” मग त्यांनी ती गोष्ट सांगितली.

वासुदेव विष्णु मिराशी. तुमच्यातल्या बहुतेकींनी हे नाव ऐकलं नसेल, मीही ऐकलं नव्हतं. जन्म 1893 चा, कोकणातल्या कुवळे गावचा. पण आयुष्य गेलं आपल्या विदर्भात. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात ते संस्कृत शिकवायचे, पुढे अमरावतीला विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. शिकवायचे संस्कृत, पण जीव गुंतला तो जुन्या शिलालेखांत आणि ताम्रपटांत. शिलालेख म्हणजे दगडावर कोरलेला मजकूर. ताम्रपट म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला. जुन्या काळी राजाने कोणाला गाव किंवा जमीन दान दिली की ते तांब्यावर कोरून द्यायचे. ज्याला जमीन मिळाली त्याच्या घरचा तो जमिनीचा कागदच म्हणा ना.

आता त्यांचं वय आणि काम जरा जोडून पाहा. 1950 च्या सुमारास ते नोकरीतून निवृत्त झाले. आपल्याकडे निवृत्त झाला म्हणजे काय म्हणतात? आता आराम करा, नातवंडं सांभाळा. मिराशींचे सगळ्यात मोठे ग्रंथ त्यानंतर आले. पुरातत्त्व खात्याच्या शिलालेखांच्या ग्रंथमालेत कलचुरी राजांच्या लेखांचा ग्रंथ 1955 मध्ये आला, तेव्हा ते 62 वर्षांचे होते. वाकाटक राजांच्या लेखांचा ग्रंथ 1963 मध्ये, म्हणजे सत्तराव्या वर्षी. आणि शिलाहारांच्या लेखांचा 1977 मध्ये, तेव्हा वय 84! मधल्या काळात नागपूर विद्यापीठात त्यांनी मानद प्राध्यापक म्हणून प्राचीन भारतीय इतिहास शिकवला. 1975 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. 1985 मध्ये, वयाची 92 वर्षं पूर्ण करून ते गेले.

आपल्या गटांमध्ये साठी आली की बाया म्हणतात, “ताई, आता माहं वय झालं, नवीन पोरींले घ्या.” नवीन पोरींना घ्याच. पण तुम्ही उठून जाऊ नका, एवढंच मला म्हणायचं आहे.

तर 1965 मध्ये, मिराशी सत्तरी ओलांडून गेले होते तेव्हा, त्यांच्या मित्रांनी आणि विद्यार्थ्यांनी त्यांचा सत्कार करायचा ठरवला. नागपूरच्या विदर्भ संशोधन मंडळाने एक गौरवग्रंथ काढला. गौरवग्रंथ म्हटलं की मला वाटलं, पानोपानी ‘आपण थोर, आपण महान’ असं असेल. तसं नव्हतं. त्यात 42 अभ्यासलेख आहेत. सर सांगायचे, मिराशींना जे काम आवडायचं, त्याच जातीचं काम प्रत्येकाने स्वतः करून आणलं. पाटलांच्या घरी लग्न असलं की गाव आहेर घेऊन जातं की नाही? कोणी कापड, कोणी भांडं. इथे प्रत्येकाने आहेर म्हणून आपल्या अभ्यासाचा एक तुकडा आणला. तो ग्रंथ संपादित करणाऱ्यांत अजय मित्र शास्त्री होते. पुढे त्यांनीही नागपूर विद्यापीठात तोच विषय शिकवला आणि वाकाटकांवर स्वतः ग्रंथ लिहिले. म्हणजे सत्कार एका दिवसात संपला नाही, काम पुढे चालू राहिलं.

पण हा सगळा खटाटोप कशासाठी? जुने दगड वाचून कोणाचं पोट भरतं? मीही हेच विचारलं होतं. तेव्हा सरांनी दोन गोष्टी सांगितल्या. त्या आपल्या भागातल्या आहेत, म्हणून तुम्हालाही सांगते.

पहिली गोष्ट आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातली. नागभीड तालुक्यात देवटेक आहे. नागभीडच्या मावश्या मान हलवून राहिल्या बघा! तिथे एक मोठा दगड होता, तो आता नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे, ज्याला लोक अजब बंगला म्हणतात. त्या एकाच दगडावर दोन लेख आहेत. एक सम्राट अशोकाच्या काळातला, म्हणजे 2,200 वर्षांहून जुना. दुसरा वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा, तोही जवळपास 1,700 वर्षांपूर्वीचा. अक्षरं झिजलेली, एक ओळ लागते तर दुसरी लागत नाही. मिराशींनी त्या लेखांचा नव्याने अभ्यास केला. जुन्या लेखात प्राण्यांना पकडू नका, मारू नका अशी आज्ञा आहे. आपल्या या जंगलाच्या मुलखात! दुसऱ्या लेखात रुद्रसेनाच्या धर्मस्थानाची नोंद आहे. त्यात चिक्कंबुरी असं गावाचं नाव आलं आहे. मिराशींनी दाखवून दिलं की हे चिक्कंबुरी म्हणजे देवटेकजवळचं आजचं चिकमारा.

हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. राजे गेले, राज्यं गेली, भाषा बदलली. पण गावाचं नाव बायामाणसांच्या तोंडात राहिलं. लेकी सासरी जाताना, बाजारात पत्ता सांगताना, लोक ते नाव घेत राहिले. एक पुरावा दगडावर होता आणि दुसरा लोकांच्या तोंडी. मिराशींनी दोन्ही जोडले म्हणून गोष्ट पूर्ण झाली. त्या गोंड काकांनी सरांना जे सांगितलं, ते यात आहेच ना?

दुसरी गोष्ट एका बाईची. याच वाकाटक घराण्यात प्रभावतीगुप्ता नावाची राणी होऊन गेली, सुमारे 1,600 वर्षांपूर्वी. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ती लेक, सासर आपल्या विदर्भात. नवरा लवकर वारला. पोरं लहान. तिने कारभार आपल्या हातात घेतला. रामटेकजवळचं आजचं नगरधन, त्या काळचं नंदिवर्धन, तिथून तिने राज्य चालवलं. बरीच वर्षं चालवलं. तरण्या वयात नवरा गेला, पोरं पदरात, आणि व्यवहार समोर उभा. या सभेत अशा किती जणी बसल्या आहेत! फक्त तिच्याकडे राज्य होतं, तुमच्याकडे चार एकर धान आणि गटाचं कर्ज.

आता हे आपल्याला कळलं कसं? तिच्या नावाने दिलेल्या दानाचे ताम्रपट सापडले म्हणून. त्यातला एक पुण्यात, एका तांबट घराण्याकडे मिळाला. जरा विचार करा. तांब्याची भांडी घडवणाऱ्याच्या घरात तांब्याचे पत्रे. एखाद्या दिवशी ते वितळवले असते तर त्याची घागर झाली असती आणि ही बाई इतिहासातून पुसली गेली असती. पुसली गेली नाही. आणि त्या ताम्रपटात ती काय सांगते माहीत आहे? आधी आपल्या माहेरची वंशावळ सांगते! (इथे सभेत खूप हशा झाला.) हा ताम्रपट मिराशींच्या आधीच्या विद्वानांनी वाचला होता. मिराशींनी वाकाटकांचे सगळे लेख गोळा केले, तपासले आणि एका ग्रंथात आणले. त्यामुळे आज कोणालाही प्रभावतीगुप्ता शोधायची तर रानोमाळ फिरावं लागत नाही.

इथपर्यंत सरांच्या आठवणी सांगितल्या. आता माझी एक चूक सांगते. ती सांगायला मला जड जातं, पण सांगितल्याशिवाय आजचा विषय पूर्ण होत नाही.

मी ज्या गावांत फिरते, त्यांतल्या एका गावात एक आजी होत्या. गटाच्या पहिल्या दिवसापासूनच्या सभासद. सही येत नव्हती, पण कोणाची किती बचत, कोणाचा कितवा हप्ता, सगळं तोंडपाठ. वहीत चूक झाली तर आजी ऐकूनच सांगायच्या, “तसं नाही ते, गेल्या बुधवारी तिने दिले ना.” गावातलं कोणतं शेत कोणी मोडलं, बांध कोणी घातला, कोणत्या साली कोण रोवणीला होतं, हेही त्यांना माहीत होतं.

त्याच गावात आपल्या गटातल्या दोन ताई आहेत, दोघीही विधवा, आदिवासी. दोघींचे वनहक्काचे दावे तयार करायचे होते. तुम्हाला माहीतच आहे, वनहक्क कायदा 2006 चा. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून वनजमीन कसत असल्याचं दाखवावं लागतं. त्यासाठी 2008 च्या नियमांमध्ये पुराव्यांची यादी आहे, नियम क्रमांक 13. सरकारी कागद, नकाशे, दंडाच्या पावत्या, घर, विहीर, बांध अशा जागेवरच्या खुणा, वंशावळ. आणि त्याच यादीत एक पुरावा असा आहे, की दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचं निवेदन, लेखी उतरवून घेतलेलं. कमीत कमी दोन पुरावे जोडावे लागतात.

म्हणजे काय झालं? त्या काकांनी सरांना जो प्रश्न विचारला होता, ज्याच्याकडे कागद नाही तो माणूस नव्हताच का, त्याचं उत्तर कायद्याने दिलं आहे. म्हाताऱ्या माणसाची आठवण हाही पुरावा आहे. फक्त एक अट आहे. ती लिहून घेतलेली पाहिजे.

आजी निवेदन द्यायला तयार होत्या. एप्रिलमध्ये मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या मोहफुलं वाळवत होत्या. म्हणाल्या, “बस, लिहून घे आत्ताच.” माझ्याजवळ कागद होता, पेनही होता. पण शेवटची एसटी निघायची वेळ झाली होती. मी म्हटलं, “आजी, तेंदूचा हंगाम होऊ द्या, मग निवांत येते, साक्षीदारांनाही बोलावते.” त्या म्हणाल्या, “तुह्या मनानं.” मे महिन्यात, तेंदूपत्ता चालू असतानाच, आजी गेल्या. दोन दिवसांच्या तापाने.

दोघींपैकी एका ताईकडे जुनी दंडाची पावती होती आणि शेताच्या बांधाचा पंचनामा झाला, तिचं भागलं. दुसरीकडे पावतीच नाही. तिच्यासाठी आम्ही आता दुसऱ्या गावी गेलेल्या एका म्हाताऱ्या काकांना शोधून राहिलो आहोत. सापडतील. पण आजी जे सांगणार होत्या ते गेलं. अर्ध्या तासाचं काम होतं. मुक्काम केला असता तरी चाललं असतं. इतिहासाच्या वर्गात तीन वर्षं बसलेली मी, ‘कोणी सांगितलं, कधी सांगितलं, लिहून घ्या’ हे पाठ असलेली मी, आणि मीच उद्यावर ढकललं.

सरांच्या शोकसभेत मला माझं पान वाचायचं होतं. मी हीच गोष्ट लिहून नेली. सरांबद्दल लिहायचं होतं आणि मी आजींबद्दल लिहिलं. त्या गोंड काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हे पानही वहीत लाव. तो असता तर हेच पान दोनदा वाचलं असतं.” मग म्हणाले, “आता बाकीच्यांचं लिहून घे. बसून रडू नको.”

म्हणून आज मी तुमच्यापुढे उभी आहे. मागणी लहान आहे. प्रत्येक गटाने येत्या तीन महिन्यांत एक वही करायची. हिशेबाची नाही, ती वेगळीच राहू द्या. ही आठवणींची वही. महिन्यातून एका बैठकीत, बचत जमा झाल्यावर, अर्धा तास एका वयस्क मावशीला द्यायचा. ती बोलेल, लिहिता येणारी पोरगी लिहील.

काय लिहायचं? आपला गट कधी सुरू झाला, पहिली बैठक कोणाच्या ओसरीत झाली, पहिलं कर्ज कोणी घेतलं आणि कशासाठी. गावचा तलाव कोणी बांधला, शेत कोणी मोडलं, मोह कोणत्या रानात वेचायचो, गुरं कुठे चारायचो, देवस्थान कुठे आहे, पायवाट कुठून जायची. दारूबंदीसाठी गावात कोण कोण उभं राहिलं. आणि हो, प्रत्येकीने आपल्या आईचं, आजीचं, जमलं तर पणजीचं नाव.

कसं लिहायचं? वर तारीख आणि गाव. सांगणारीचं पूर्ण नाव आणि वय. तिने स्वतः पाहिलं की कोणाकडून ऐकलं, ते वेगळं लिहायचं. सर यावर फार कडक होते. ऐकलेलं असलं तरी लिहा, पण ‘सासूकडून ऐकलं’ असं लिहा. साल आठवत नसेल तर खुणेने लिहा, अमुक दुष्काळात, थोरलीच्या लग्नाच्या वर्षी, मग साल आपण शोधू. मावशी जशी बोलते तसंच लिहा, भाषा सुधारू नका. ‘मले’ म्हणाली तर ‘मले’च लिहा. लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवा, ती हो म्हणाली की सही किंवा अंगठा, लिहिणारीची सही, आणि शेजारी दोन बायांच्या सह्या. जमिनीच्या दाव्याशी जुळणारं काही निघालं तर मला कळवा, त्याचं निवेदन वेगळ्या कागदावर नीट करून वनहक्क समितीकडे देऊ. त्या समितीत एक तृतीयांश बाया असतात, तुमच्यातल्याच आहेत.

वही कुठे ठेवायची? जमिनीवर ठेवू नका, वाळवी लागते. पावसाळ्याआधी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत. मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढून ग्रामसंघाकडे द्या, म्हणजे एक प्रत दुसरीकडे राहील. आणि गटाच्या जुन्या भरलेल्या वह्या रद्दीत देऊ नका. सरांनी किलोच्या भावाने आणलेलं ते बाडही कोणाच्या तरी हिशेबाच्या वह्याच होत्या.

काही जणी म्हणतील, “ताई, आमच्यात कोण राजा-राणी आहे, आमचं कशाला लिहायचं?” त्यांना मी ग्रंथालयाच्या काकांचं पान दाखवीन. बैलजोडी किती, धान किती खंडी, बाकी कोणाकडे. आपल्या वह्यांतही नेमकं तेच आहे. आणखी एक गोष्ट आहे. त्या बाडात बाईचं नाव शोधूनही सापडत नव्हतं, असं त्या काकांनी लिहिलं आहे. आपल्या वहीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बायांचीच नावं आहेत.

पुढच्या वार्षिक सभेत आपल्या संघाच्या जुन्या अध्यक्ष मावशी पदावरून मोकळ्या होणार आहेत. त्यांचा सत्कार करायचा आहेच. साडी-नारळ देऊ, हळदीकुंकू करू, त्याला माझी ना नाही. पण त्याबरोबर प्रत्येक गटाने त्यांच्याबद्दल एक पान आणायचं. त्या पहिल्यांदा बँकेत गेल्या तेव्हा मॅनेजरशी काय बोलल्या, कोणाच्या बाळंतपणात रात्री बैलगाडी जुंपून दिली, कोणावर रागावल्या, कोणाचं चुकलं ते सांभाळून घेतलं. त्यांच्याशी भांडलेल्या बाईचं पान तर आधी पाहिजे! मिराशींच्या मित्रांनी 42 लेख आणले होते. आपली पानं किती होतात ते बघू.

आणि ज्या भगिनी हे घरी बसून वाचत आहात, तुमच्या ओसरीत आत्ता कोणी म्हातारी माय बसली असेल. तिला आजच विचारा, तुझ्या आजीचं नाव काय होतं? आठवलं तर या पानाच्या कडेलाच लिहून टाका, तारीख घालून. चुरणं झाल्यावर लिहू, असं म्हणू नका. मी तसं म्हटलं होतं.